निरर्थकाचा पत्ता

‘दादा’ या कलाचळवळीबद्दल मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं. दादा म्हटलं की आपल्याला थोरला भाऊ आठवतो, नाक्यावरचा गुंड आठवतो, नाहीतर कोंडके आठवतात. झ्युरिकमधल्या ज्या पोरांनी १९१६ साली हे नाव घेतलं, त्यांना हा घोळ फार आवडला असता. त्यांच्याकडेही या शब्दाचे अर्थ असेच सांडलेले होते. फ्रेंचमध्ये लहान मुलांचा लाकडी घोडा, रुमानियनमध्ये ‘हो, हो’. नाव सापडलं कसं, याच्या हकिकती त्यांनीच एकमेकांना छेद देणाऱ्या पसरवल्या. एक म्हणाला, आम्ही दोघांनी जर्मन-फ्रेंच शब्दकोश उघडला आणि सापडलं. हान्स आर्प म्हणाला, शब्द त्रिस्तान झाराला सापडला, मी तेव्हा हजर होतो, सोबत माझी बारा मुलं होती आणि माझ्या डाव्या नाकपुडीत बनपाव होता.

हे वाचून तुम्हाला एखादं मीम आठवलं असेल तर नवल नाही. मीम हा आपल्या पिढीचा दादाइझम आहे, हे वाक्य गेली काही वर्षं इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते वाचताना नजर आपोआप पुढे सरकते. दोन्हीकडे निरर्थकपणा, दोन्हीकडे कापाकापी आणि चिकटवाचिकटवी, दोन्हीकडे थोरामोठ्यांना न कळणारा विनोद. साम्य खरं आहे. पण ते कात्रीचं साम्य आहे. कात्री कुणावर चालवली, हा प्रश्न मधल्यामध्ये गळून जातो आणि मला नेमकी तिथेच चुकचुक लागते.

झ्युरिकच्या श्पीगेलगास नावाच्या अरुंद गल्लीत, १ नंबरच्या घरात, ५ फेब्रुवारी १९१६ रोजी हुगो बाल आणि एमी हेनिंग्स या जोडप्याने ‘कॅबरे व्होल्टेअर’ सुरू केलं. (त्याच गल्लीत १४ नंबरला लेनिन भाड्याने राहत होता. गल्लीतल्या गोंगाटाबद्दल त्याचं काय मत होतं कोण जाणे.) स्वित्झर्लंड तटस्थ असल्यामुळे युद्ध नको असलेली, युद्धातून निसटलेली बरीच मंडळी तिथे जमली होती. कॅबरे सुरू झालं आणि सोळा दिवसांनी व्हर्दांची लढाई सुरू झाली. त्याच वर्षी १ जुलैला सोमच्या लढाईत एकट्या ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून जास्त सैनिक एका दिवसात मेले.

आता बालकडे पाहू. युद्ध सुरू झालं तेव्हा हा माणूस स्वतः सैन्यात भरती व्हायला गेला होता. तब्येतीमुळे घेतलं नाही. मग तो बेल्जियमला जाऊन युद्ध डोळ्यांनी बघून आला आणि पार बदलला. २३ जून १९१६ च्या रात्री तो स्टेजवर आला तेव्हा त्याचे पाय निळ्या चकचकीत पुठ्ठ्याच्या नळकांड्यात होते, अंगावर पुठ्ठ्याचीच भलीमोठी कॉलर होती, डोक्यावर उंच पट्ट्यापट्ट्यांची टोपी. चालताच येईना, म्हणून अंधारात उचलून आणून ठेवावं लागलं. मग त्याने कोणत्याच भाषेत नसलेल्या शब्दांच्या कविता म्हणायला सुरुवात केली. म्हणता म्हणता त्याचा सूर चर्चमधल्या पाद्र्याच्या विलापासारखा झाला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. लहानपणी एक अक्षर न कळता कानावर पडणाऱ्या मंत्रांनी आपल्या पोटात जे काही होतं, तसलं काहीतरी त्या खोलीत झालं असावं.

हा निव्वळ टाइमपास नव्हता. बालच्या डायरीत याचं कारण स्वच्छ शब्दांत आहे. पत्रकारितेने भाषा इतकी नासवली आहे की तिचा त्यागच करायला हवा, असा त्याचा मुद्दा होता. तेव्हाची वर्तमानपत्रं रोज सकाळी मातृभूमी, हौतात्म्य, शौर्य असे गुळगुळीत शब्द छापत होती आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून विशीतली पोरं खंदकांत मरत होती. अर्थपूर्ण, व्याकरणशुद्ध, सुसंस्कृत वाक्यांनी एवढं घडवून आणलं असेल, तर मग अर्थाचीच संगत नको. बालच्या निरर्थक शब्दांना पत्ता होता. ते कुणालातरी उद्देशून होते.

झाराने १९२० मध्ये कविता करायची जी कृती छापली, तिलाही हाच पत्ता आहे. वर्तमानपत्र घ्या, कात्री घ्या, लेखातला शब्द न् शब्द कापा, पिशवीत टाका, हलवा, एकेक चिटोरं बाहेर काढा, त्याच क्रमाने उतरवून घ्या. सगळे ‘कट-अप’ म्हणून या कृतीचं कौतुक करतात, पण पिशवीत घालायचा माल कोणता, ते तिथे पहिल्याच पायरीला सांगितलंय. एकसंध दिसणारं, सगळं जग ओळीने लावून दाखवणारं वर्तमानपत्र. ते एकसंधपण खोटं आहे, हे दाखवायला पिशवी हवी होती.

द्यूशाँच्या मुतारीवर मी इथे फार रेंगाळणार नाही, तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय. १९१७, न्यूयॉर्क, सहा डॉलर फी भरणाऱ्या कुणाचंही काम मांडू म्हणणारं प्रदर्शन, ‘आर. मट’ अशी सही केलेलं मुतारीचं भांडं, आयोजकांचा नकार. मूळ भांडं हरवलं. १९६४ मध्ये त्याच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यातली एक १९९९ मध्ये साडेसतरा लाख डॉलरच्या वर गेली. कलाविरोधाची किंमत कलेच्या बाजाराने रोख मोजली. एवढं पुरे.

मला खरा रस बर्लिनमध्ये आहे, आणि तिथेही एका बाईत. हाना होख १९१६ पासून दहा वर्षं उल्श्टाइन या प्रकाशन कंपनीत नोकरी करत होती. काम काय, तर बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायचे. हीच कंपनी ‘बर्लिनर इलस्ट्रीर्टे’ हे तुफान खपाचं सचित्र साप्ताहिक काढायची. म्हणजे दिवसा होख ज्या घरात काम करी, त्याच घरातून निघालेले कागद ती रात्री कापत बसे. मंत्र्यांची डोकी, नर्तकींची धडं, बॉलबेअरिंग, यंत्रांची चाकं. कात्रीचं काम तिचं रोजचंच होतं, त्यामुळे तिच्या कोलाजमध्ये पुरुष दादावाल्यांच्या कामातला आरडाओरडा नाही. कापलेली कड साफ असते. शिवणकाम येणाऱ्या माणसाचा हात दिसतो.

फोटोंच्या या चिकटवाचिकटवीला त्यांनी ‘फोटोमाँटाज’ असं कारखान्याच्या भाषेतलं नाव दिलं, कारण ‘माँटाज’ म्हणजे यंत्राचे भाग जुळवणं. ही कल्पना कुठून आली, यावरही भांडण आहेच. होख आणि तिचा तेव्हाचा मित्र राउल हाउसमान यांचं म्हणणं, १९१८ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर सुट्टीला गेलो होतो, तिथे घरोघरी भिंतीवर एक छापील चित्र दिसलं. गणवेशातला रुबाबदार सैनिक, मागे बराक, आणि सैनिकाच्या डोक्याच्या जागी त्या त्या घरातल्या मुलाच्या फोटोचं कापून चिकटवलेलं डोकं. आपल्याकडे जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या विमानातून डोकं बाहेर काढून फोटो काढायचे, त्याचीच ही सख्खी बहीण. फरक एवढाच, की त्या चित्रांतली कितीतरी मुलं त्या गणवेशातून परत आली नव्हती. भिंतीवरची ही अभिमानाची वस्तू होखने उलटी फिरवली. डोकी बदलून माणूस सैनिक बनवता येतो, तर डोकी बदलून सेनापतीचा विदूषकही बनवता येईल.

१९२० च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा भरला. त्यात होखला घ्यायला ग्रोस आणि हार्टफील्डचा विरोध होता. हाउसमानने मीही काम काढून घेईन म्हणून धमकी दिल्यावर तिला जागा मिळाली. (जगातलं सगळं उलथून टाकायला निघालेल्या मंडळींची ही एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहिली होती.) मेळ्यात छताला एक पुतळा टांगला होता. जर्मन अधिकाऱ्याचा गणवेश आणि डुकराचं तोंड. सैन्याचा अपमान केला म्हणून खटला झाला. १९२१ मध्ये ग्रोसला ३०० आणि त्याचा प्रकाशक वीलांड हेर्त्सफेल्डला ६०० मार्क दंड झाला. न्यायालयात बचावाचा सूर असा होता की, अहो, ही सगळी थट्टा होती. हे वाचताना मन थोडं खट्टू होतं. पण एका गोष्टीकडे पाहा. सैन्याला राग आला. पत्रावर पत्ता बरोबर होता आणि पत्र पोहोचलंही.

इथवरची गोष्ट बंडखोरांची, म्हणून वाचायला सोपी. पुढची तितकी सोपी नाही. १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये ‘भ्रष्ट कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं. त्यात एक खास ‘दादा भिंत’ होती. चित्रं मुद्दाम वाकडीतिकडी टांगलेली आणि दादा गंभीरपणे घ्या, त्यात फायदा आहे, हे दादांचंच जुनं घोषवाक्य भिंतीवर फटकारलेलं. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. आता ही मांडणी कुणाची? वाकडं टांगायचं, भिंतीवर घोषणा लिहायच्या, संदर्भ तोडून एखादी वस्तू हास्यास्पद करायची, हे सगळं १९२० च्या मेळ्यातलंच तंत्र होतं. मारेकऱ्यांनी ते उचललं आणि उत्तम वापरलं. दादाचा माध्यमांवर प्रभाव असं म्हणताना आपण पंक बँडची कव्हरं, माँटी पायथनमधली टेरी गिलियमची कापीव चित्रं, टॉकिंग हेड्सने १९७९ मध्ये बालच्या निरर्थक शब्दांचं केलेलं गाणं अशी गोड यादी देतो. त्या यादीत ही भिंतही धरावी लागेल.

आणि जाहिरातही. कुर्ट श्विटर्सने ‘कॉमर्झ’ या शब्दाचा तुकडा तोडून आपल्या कलेला ‘मेर्त्स’ नाव दिलं, आणि १९२४ मध्ये त्याच नावाने चक्क जाहिरात संस्था काढली. शाईच्या कंपनीच्या जाहिराती केल्या. मला यात लबाडी दिसत नाही, पोट सगळ्यांना असतं. आपल्याकडे अरुण कोलटकर आयुष्यभर जाहिरातक्षेत्रात नावाजलेले कलादिग्दर्शक म्हणून राहिले आणि दुसरीकडे मुंबईच्या लघुनियतकालिकांच्या त्या खळबळीत कविता करत राहिले. साठच्या दशकातली ती अनियतकालिकं हा दादाचा थेट वारसा आहे असं म्हणणं ताणलेलं होईल. पण अतिवास्तववादाच्या मार्गाने त्यातलं काही इथे आलं होतं, आणि प्रतिष्ठित मासिकांच्या सोज्वळ मराठीचा कंटाळा तर इथलाच, अस्सल होता. होखसारखाच कोलटकरांचाही एक हात माध्यमाच्या कारखान्यात होता. भाषा कशी बनवून विकली जाते, हे ज्याला रोज दिसतं, त्याला ती नेमकी कुठे कापायची हेही कळतं.

आता आपला फोन.

२०२३ च्या फेब्रुवारीत ‘स्किबिडी टॉयलेट’ ही यूट्यूब मालिका सुरू झाली. कमोडमधून माणसांची मुंडकी बाहेर येतात आणि गातात. (द्यूशाँ, ऐकतो आहेस ना.) २०२४ मध्ये ऑक्सफर्डने ‘ब्रेन रॉट’ हा वर्षाचा शब्द ठरवला. २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने ‘सिक्स-सेव्हन’ला तो मान दिला, ज्याचा अर्थ विचारणाऱ्यालाच हसतात. त्याच वर्षी एआयने बनवलेले ‘इटालियन ब्रेनरॉट’चे प्राणी घरोघरी पोहोचले. बूट घातलेला शार्क, ट्रालालेरो ट्रालाला. मगर आणि बॉम्बफेकी विमान यांचं मिश्रण, बॉम्बार्दिरो क्रोकोदिलो. नुसता ध्वनी म्हणून ऐकलं तर हे बालच्या कवितांच्या इतकं जवळ आहे की क्षणभर आपल्यालाही ते दादाचं वाक्य पटावं.

पण त्या मगरीच्या मूळ आवाजात काय म्हटलंय, ते कधी विचारलंत? इटालियन येणाऱ्यांनी ते लगेच ओळखलं होतं. ही मगर उडत जाऊन गाझा आणि पॅलेस्टाइनमधल्या मुलांवर बॉम्ब टाकते, असं त्यात आहे. जगभरची शाळकरी मुलं तो आवाज खेळात म्हणत होती. त्या मगरीची खेळणी निघाली. त्याच महिन्यांत गाझातली मुलं खरोखर बॉम्बखाली मरत होती.

मला हे उदाहरण बाजूला सारता येत नाही. १९१६ मध्ये एका माणसाने युद्धाची भाषा नाकारण्यासाठी निरर्थक शब्द उच्चारले. २०२५ मध्ये निरर्थक शब्दांच्या पोटात युद्ध बसलेलं आहे आणि निरर्थक आहे म्हणूनच ते कुणाला टोचत नाही. ज्याने तो आवाज बनवला त्याच्या मनात टीका होती, टवाळी होती की काहीच नव्हतं, यावर वाद घालता येईल. पण तो वाद कुणी घातला नाही, कारण तोवर पुढचा व्हिडिओ सुरू झाला होता.

माझ्या मते अडचण इथे आहे. झाराची पिशवी आता कुणाला हलवावी लागत नाही, आपण पिशवीतच राहतो. बोट वर सरकवलं की ढिगाऱ्यातून काढलेलं मूल, पुन्हा सरकवलं की पावभाजीवर वितळणारं लोणी, मग चेहऱ्याला लावायचं सीरम, मग कुणाचं तरी लग्न. १९२० मध्ये असल्या गोष्टी शेजारी ठेवणं हा धक्का होता, कारण वर्तमानपत्र जग एकसंध असल्याचा आव आणत होतं. फीड असला कोणताही आव आणत नाही. त्याला एकसंधपणा नकोच आहे, तुकड्यांवरच त्याचा धंदा चालतो. म्हणून आज नुसती कापाकापी केली की ती माध्यमाला छेद देत नाही, त्याच्याच सुरात सूर मिळवते. निरर्थक व्हिडिओ फीडला अजिबात अडचणीचा नसतो. उलट तो सगळ्यात सोयीचा माल आहे. भाषा लागत नाही, संदर्भ लागत नाही, कुणी तक्रार करत नाही.

मराठी मीमांचं काय, असा प्रश्न मनात येईल. खरं सांगायचं तर आपली बरीचशी मीमं निरर्थक नसतातच. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा, पण त्यातल्या प्रसंगांवर आजही रोज नवी मीमं निघतात आणि ती कळायला तो सिनेमा पाहिलेला असावा लागतो. ही दादाच्या अगदी उलट टोकाची गोष्ट आहे. तिथे सगळ्यांना परक्यासारखं वाटावं म्हणून खटपट होती, इथे सगळे एकाच घरातले असल्याची खूण पटते. मला ती मीमं मनापासून आवडतात. त्यांना बंडखोर म्हणायची मात्र काही गरज नाही.

बंडखोर म्हणायचंच असेल तर मी हार्टफील्डची पद्धत पुढे नेणाऱ्या कामांकडे पाहते. हार्टफील्ड दादातून बाहेर पडला तो फोटोमाँटाज हातात घेऊन. १९३२ मध्ये त्याने भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीचा एक्स-रे बनवला. आत पाठीच्या कण्याच्या जागी सोन्याच्या नाण्यांची चळत. हा माणूस गिळतो सोनं आणि ओकतो कचरा, असा मथळा. त्यात निरर्थक काहीच नाही, उद्योगपतींच्या पैशांकडे थेट बोट आहे. पुढच्याच वर्षी एसएसची माणसं घरात घुसली तेव्हा उडी मारून तो निसटला आणि प्रागला पळाला. तोडण्याइतकंच जोडण्याचं कामही कात्री-गोंदाने होतं, हे त्याला पक्कं कळलं होतं. पैसा आणि भाषण ही वर्तमानपत्राच्या दोन वेगवेगळ्या पानांवरची गोष्ट त्याने एका छातीत आणून ठेवली.

असं जोडकाम आजही होतं आणि आजही महाग पडतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना अटक झाली. गुन्हा काय, तर त्यांनी एक कोलाज ईमेलवर पुढे पाठवलं होतं. राजकारण्यांचे फोटो आणि सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या मुलांच्या सिनेमाचा संदर्भ, एवढाच ऐवज. घरोघरी माहीत असलेला सिनेमा आणि घरोघरी माहीत असलेले चेहरे, म्हणजे बनवाबनवीच्या मीमसारखीच कृती. ते पूर्णपणे सुटले २०२३ च्या जानेवारीत. ग्रोसचा ३०० मार्कांचा दंड त्यापुढे स्वस्त वाटतो. कमोडमधल्या मुंडक्यासाठी कुणाला अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याचं ऐकिवात नाही.

यावरून कलेची किंमत खटल्यांवर मोजायची, असं मी म्हणत नाही. होखवर कुठलाच खटला झाला नाही. नाझी काळाचा उत्तरार्ध तिने बर्लिनच्या कडेला हायलिगेनझे इथल्या छोट्या घरात गप्प राहून काढला. मित्रांची आणि स्वतःची कामं लपवून ठेवली. आज बर्लिन दादाचं बरंच काही शिल्लक आहे ते त्या घरामुळे. ती वारली १९७८ मध्ये. तिचं सगळ्यात गाजलेलं कोलाज १९१९-२० मधलं. नाव लांबलचक आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीने जर्मनीच्या शेवटच्या बिअरपोट्या वायमार संस्कृतीला दादाने दिलेला छेद, असा साधारण त्याचा अर्थ. ते बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे, आकार साधारण ११४ बाय ९० सेंटिमीटर. फोनवर ते नुसतं पाहिलं तर चाकं आणि डोक्यांचा कचरा दिसतो, एखाद्या गच्च भरलेल्या फीडसारखा. म्हणून झूम करा. उजव्या बाजूला वर कैसर आणि सेनापती, दादाविरोधी म्हणून कोपऱ्यात कोंबलेले. त्यांच्यापासून खाली या, अगदी तळाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, जिथे चित्रकार सही करतात. तिथे युरोपचा एक छोटासा नकाशा चिकटवलाय, बायकांना मताचा हक्क मिळालेले किंवा मिळू घातलेले देश दाखवणारा. जर्मनीतल्या बायकांनी जानेवारी १९१९ मध्ये पहिल्यांदा मत दिलं होतं. सही कुठेच नाही. नकाशाच्या कडेला नखाएवढं एक डोकं आहे, होखचं स्वतःचं.